कपाशीच्या वेष्टनातली पार्सलं

मी एका निर्दोष बाईवर खोटा आळ घेतला. ती आमच्या गावच्या पोस्टाचं काम पाहायची. मी तिच्या हातून, तिला न सांगता, अश्लील सिनेमांच्या सीड्या व्हीपीने, म्हणजे घेणाऱ्याने पैसे भरून सोडवायच्या पार्सलाने, ठिकठिकाणी पाठवत होतो. सापडायची वेळ आली तेव्हा मी हात वर केले आणि बोट तिच्याकडे दाखवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझी बाजू घ्यावीशी वाटणार नाही.

आमचं गाव खामगावहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फाट्यावर माझं दुकान होतं. लग्नांचं शूटिंग करायचं, त्याच्या सीड्या करून द्यायच्या आणि उरलेल्या वेळात सिनेमे भाड्याने द्यायचे, असा धंदा. बीटी कपाशीचं बियाणं गावोगाव पोचलं त्या वर्षांत खामगावच्या एका बियाणे विक्रेत्याने माझ्याकडून एक सीडी करून घेतली. पाण्याची सोय असलेल्या एका शेतकऱ्याची कपाशी दाखवायची आणि त्याच्याकडून दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, खत कधी द्यायचं, हे वदवून घ्यायचं. कव्हरवर फुटलेल्या बोंडाचा मोठा फोटो होता. वर छापलं होतं, 'कपाशी लागवड : संपूर्ण मार्गदर्शन'. एक हंगाम त्याने ती सीडी बियाण्याच्या पिशवीबरोबर फुकट वाटली, मग बंद केली. न वापरलेल्या कव्हरांचे गठ्ठे आणि उरलेल्या काही सीड्या माझ्याच दुकानात पडून राहिल्या.

दुकानात काही गिऱ्हाइकं इकडंतिकडं पाहून हळूच विचारायची, "वेगळी हाय का?" तसल्या सीड्या मी नागपूरहून आणून आतल्या बाजूला ठेवायला लागलो. मग माझ्या लक्षात आलं की माणसाला स्वतःच्या गावात हे मागायची लाज वाटते. पत्र पाठवून मागायची वाटत नाही. मी एका हिंदी मासिकात छोटी जाहिरात दिली. 'विवाहितांसाठी खास सीडी, व्हीपीने घरपोच, गुप्तता राखली जाईल.' पत्रं यायला लागली.

कायदा मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. खामगावच्या एका वकिलाच्या बहिणीचं लग्न मी शूट केलं होतं. सीडी द्यायला गेलो तेव्हा दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या त्या दोस्ताला सांग, सेन्सॉरचा दाखला नसलेलं असलं काही विकणं गुन्हा आहे. विकायला जवळ ठेवणं गुन्हा, जाहिरात करणंही गुन्हा. आणि पोस्टाने पाठवणं हे तर आणखी वेगळं कलम. अश्लील वस्तू टपालात टाकायलाच बंदी आहे."

"अन् पाहनाऱ्याले?"

"घरात दार लावून पाहणाऱ्याच्या मागं कोण लागतं? कायदा विकणाऱ्याला धरतो. दोस्ताला म्हणावं, लग्नं शूट कर, सुखी राहा."

तो हसला, मीही हसलो. घरी येताना एसटीत मी एवढाच विचार केला की पार्सलात काय आहे हे वरून कळता कामा नये. बोंडाच्या फोटोची कव्हरं होतीच. पार्सलावर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून मी एका 'शेती मार्गदर्शन केंद्रा'चा शिक्का करून घेतला. असं केंद्र कुठंच नव्हतं.

गावचं पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली. ते चालवणाऱ्या बाईला सगळा गाव आपा म्हणायचा. आपा म्हणजे मोठी बहीण. वयाने ती माझ्याहून थोडीच मोठी होती. तिचा नवरा पिंजारी, मशीनवर रुई पिंजून गाद्या-रजया भरायचा. त्या घरात सरकारी काम करणारी ती पहिलीच, आणि ते काम तिने देवघरासारखं सांभाळलं होतं. रोजची टपालाची थैली बांधून झाली की दुसऱ्या दिवशी मोटार येईपर्यंत ती थैली आतल्या खोलीत, जिथं तिची नमाजाची जानमाज घडी करून ठेवलेली असायची त्या फळीखालच्या पेटीत राहायची. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच, असं ती म्हणायची. मला हे माहीत होतं, कारण उशिरा पार्सलं घेऊन गेलो की ती माझ्यासमोर ती पेटी उघडायची.

व्हीपीच्या फॉर्मवर पाठवणारा सही करतो की हा माल खऱ्या मागणीवरून पाठवला आहे. मी सही करायचो. ती कधी म्हणाली नाही की उघडून दाखवा.

"काऊन भाऊ, आज लय पार्सलं हायेत?" ती विचारायची.

"लोकाइले शिकाचं हाय आपा."

"शिका म्हना. माहा दादला म्हन्ते, तुमच्या सीडीनं कपाशी सुधरली तं रुई सस्ती व्हईन, अन् मले नवी रजई भेटन. पिंजाऱ्याच्या घरात मीच फाटक्या रजईत निजतो."

आतून मशीन थांबवून नवरा म्हणायचा, "सरकारी नोकर हाय तू. सरकारले माग रजई."

मीही त्यांच्याबरोबर हसायचो. आता हे लिहिताना त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली. बीटीच्या पिशवीवर बोंडअळी येणार नाही असं लिहिलेलं होतं, आणि अळी खरंच कमी होती. पण पातीफुलांवर आलेली कपाशी लाल पडायला लागली. पानं आधी कडेनं लाल, मग सगळीच, मग गळालेली. लोक त्याला लाल्या म्हणत. लाल्याबद्दल पिशवीवर काही लिहिलेलं नव्हतं.

त्याचा पहिला परिणाम मला माझ्या धंद्यात दिसला. कपाशी हिरवी असताना ज्यांनी पत्र पाठवून सीडी मागवली होती, ते पार्सल दारात आल्यावर नको म्हणू लागले. सोडवायला हातात पैसा नव्हता. पार्सलं परत यायला लागली, आणि परत आलेली पार्सलं आपाच्या पोस्टात पडून राहायला लागली. "भाऊ, तुमची कपाशी वापस आली," ती म्हणायची. मी आज नेतो, उद्या नेतो करत राहिलो.

मेहकरकडे, हिवरा आश्रमाच्या बाजूच्या एका गावात, एका तरुणाने माझी सीडी मागवली होती. पोस्टमन गेला तेव्हा तो घरी नव्हता. त्याचे चुलते होते, ओसरीवर बसलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी पार्सलावरचं नाव वाचलं. शेती मार्गदर्शन केंद्र. पुतण्याने बरं काही मागवलं म्हणून त्यांना समाधान वाटलं असणार. पैसे भरून त्यांनी पार्सल सोडवलं, फोडलं, बोंडाचा फोटो पाहिला. मग घरातल्या सगळ्यांना बोलावलं, मुलं, सुना, शेजारचे दोघे. सगळ्यांचीच कपाशी लाल पडली होती. लाल्यावर काही इलाज सांगतील म्हणून सगळे टीव्हीसमोर बसले.

पडद्यावर काय आलं ते सांगायला नको. त्यांनी लगेच टीव्ही बंद केला, पण दिसायचं ते सगळ्यांना दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सीडी फडक्यात गुंडाळून पोस्टात गेले. पार्सल सरकारी शिक्क्याने आलं होतं, म्हणून जाब सरकारलाच विचारायचा, एवढं त्यांना कळत होतं.

आमच्या गावात डाक निरीक्षक आले तो सोमवार होता. मी दुकानात एका लग्नाची सीडी जोडत बसलो होतो. आपाचा नवरा अंगावरचा कापूस न झटकताच आला.

"साहेब आले पोस्टात. तुमच्या सीडीबद्दल इचारून राह्यले. बायकोनं सांगतलं, चांगलीशी एक घेऊन या, साहेबाले दाखवू."

"काय झालं म्हन्तात?"

"काय मालूम. कोनं तक्रार केली. ते म्हने, पाहून घ्या साहेब, कपाशीचीच हाय. या लवकर, चहा टाकला हाय."

तिने मला विश्वासाने निरोप पाठवला, आणि त्या निरोपाने मला वेळ दिला. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं. आतल्या सगळ्या सीड्या पोत्यात भरल्या, मागच्या दाराने निघून भावाच्या कडब्याच्या गंजीत खोल खुपसल्या. परत येऊन जुन्या खोक्यातून विक्रेत्याच्या खऱ्या सीड्या काढल्या, त्यांच्यावरची धूळ पुसली आणि पोस्टात गेलो.

निरीक्षकांनी परत आलेल्या पार्सलांपैकी दोन पंचांसमोर फोडली. सरपंचाच्या घरच्या टीव्हीवर क्षणभर लावून बंद केली. सरपंच भिंतीकडे पाहत राहिले. आपा दारात उभी होती, तिला आत येऊ दिलं नव्हतं. आतल्यांचे चेहरे पाहून तिला काय ते कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. आता हा माणूस काहीतरी सांगेल आणि सगळं सरळ होईल, अशी ती वाट पाहत होती.

निरीक्षकांनी विचारलं, "पार्सलं तुमचीच ना?"

"माझीच साहेब. पण मी भरल्या त्या सीड्या या." मी खऱ्या सीड्या पुढे केल्या. "लावून पाहा. कपाशीच्याच आहेत."

"मग या कुठून आल्या?"

मी म्हणालो, "मी बंद करून देतो. थैली रात्रभर यांच्या घरी असते. परत आलेला मालही यांच्याकडेच पडून असतो. पुढचं मला काय माहीत?"

आपाने डोक्यावरचा पदर दातात धरला. निरीक्षक लिहून घेत होते.

माझं खोटं तिथल्या तिथं खपलं. ती बाई होती, मुसलमानाची बाई होती, आणि ती गप्प राहिली होती. खपेल हे मला आतून माहीत होतं, म्हणूनच मी ते बोललो. हा हिशेब मी तेव्हा शब्दांत केला नव्हता, पण केला होता.

तिला कामावरून दूर ठेवलं. चौकशी होईपर्यंत पोस्ट शेजारच्या गावच्या माणसाकडे गेलं. दोष सिद्ध झाला तर काम कायमचं जाणार, आणि वर पोलिसात प्रकरण जाणार, असं सगळे बोलत होते. ती एकदा माझ्या दुकानापर्यंत आली. आत आली नाही, पायरीखाली उभी राहिली.

"भाऊ, तुमच्याच्यानं गल्ती झाली असन तं सांगून टाका. मी साहेबाच्या हातापाया पडतो. दोघं मिळून पडू."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "मी काऊन पाया पडू? मी काय केलं?"

ती गेली. गिऱ्हाइकांतला एक म्हणाला, "पिंजाऱ्याच्या बाईनं भलताच कापूस पिंजला बे." दुसरा खिदळला. मी सीड्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो.

चौकशी खामगावच्या कचेरीत झाली. मेहकरकडचे ते म्हातारे गृहस्थही साक्षीला आले होते. स्वच्छ धोतर, हातात टोपी. त्यांनी घडलं ते थोडक्यात सांगितलं. "मी कपाशीसाठी सोडवली होती," हे मात्र ते पुन्हा पुन्हा म्हणाले, जणू त्यांच्यावरच कोणी संशय घेत होतं. मग माझी पाळी आली. मी खरी सीडी टेबलावर ठेवली आणि पाठ केलेलं सांगितलं. जाता जाता म्हातारे थांबले. त्यांनी टेबलावरच्या सीडीकडे बोट केलं.

"ही खरीवाली हाय का?"

"हो."

"हिच्यात लाल्यावर काही इलाज सांगतला हाय का?"

मी म्हणालो, "नाही बाबा. ही नुसती बियाण्याची आहे."

"मंग काय फायदा," असं म्हणत ते बाहेर गेले.

चौकशी अधिकाऱ्यांनी आपाला सांगितलं की साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर विचारा. तिच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. ती उठली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने शांतपणे विचारलं.

"भाऊ, थैलीची पेटी माह्या घरात कुठी राह्यते?"

"आतल्या खोलीत."

"आतल्या खोलीत कुठी?"

मला सांगावं लागलं. "फळीखाली."

"फळीवर काय राह्यते?"

"जानमाज."

"तिथं बसून मी हे काम केलं, असं तुमाले वाटते? वाटत असन तं साहेबाले तसं सांगा."

अधिकारी पेन थांबवून माझ्याकडे पाहत होते. मी 'नाही' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता, आणि त्याचं उत्तर कडब्याच्या गंजीत होतं. मी म्हणालो, "मला सांगता येणार नाही."

"मले दुसरं काही इचाराचं नाई, साहेब," ती म्हणाली आणि बसली.

परतीला आम्हा सगळ्यांना एकच एसटी होती. आपा पुढे खिडकीशी बसली. तिच्या नवऱ्याला जागा मिळाली नव्हती, तो दाराजवळ उभा होता. मी तिच्या मागच्या बाकावर. आमच्या गावची एक म्हातारी चढली. आपाशेजारची जागा मोकळी होती. म्हातारीने ती पाहिली आणि पुढे जाऊन दांडा धरून उभी राहिली. मागून एक जण म्हणाला, "आपा, या टायमाले कोनता पिच्चर आनला?" चार-पाच जण हसले. आपाच्या नवऱ्याने मान फिरवली नाही. त्याने वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. माझ्यापासून हातभर अंतरावर आपाचा पदर होता. तो हलत होता. ती रडत होती की गाडीच्या धक्क्याने हलत होता, मला कळलं नाही.

पुढच्या थांब्यावर मी उतरलो. मी फार विचार केला होता असं नाही. त्या बाकावर बसवेना, एवढंच. उलट्या दिशेने येणाऱ्या एका ट्रकला हात दाखवला आणि खामगावला परत गेलो. अधिकारी कपाटाला कुलूप लावत होते. मी म्हणालो, "साहेब, मी खोटं बोललो. लिहून घ्या."

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "याचा परिणाम माहीत आहे ना?" मी हो म्हणालो. त्यांनी परत कुलूप काढलं.

पुढे व्हायचं ते झालं. गंजीतलं पोतं पोलिसांनी काढलं. माझ्यावर खटला झाला, मी गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. दुकान बंद झालं. आपाला तिचं काम परत मिळालं. मी स्वतःला समजावलं की खरं सांगितलं, आता माझ्याकडे काही बाकी नाही. मी तिच्या घरासमोरून जायचं टाळत होतो, एवढंच.

पण काम परत मिळालं तरी नाव परत मिळालं नव्हतं. माझी कबुली खामगावच्या कचेरीत होती, गावाने ती वाचली नव्हती. गावात बोललं जाई की दोघंही सामील होते, सीडीवाल्याने सगळं स्वतःवर घेतलं, बाई सुटली. बायका मनिऑर्डर घ्यायला स्वतः यायच्या बंद झाल्या. कोणी पोराला धाडायचं, कोणी नवऱ्याला. जी माणसं पूर्वी पत्र वाचून घ्यायला तिच्यासमोर तासभर बसायची, ती आता सही करून उठायची. हे मला माझ्या बायकोने सांगितलं. ती म्हणाली, "तुमी साहेबाले सांगतलं. तिले काय सांगतलं?"

मी त्याच दिवशी संध्याकाळी आपाकडे गेलो. पोस्ट बंद झालं होतं, ओट्यावर कोणी नव्हतं. मुद्दामच ती वेळ निवडली होती. तिने दारातूनच पाहिलं.

"आपा, मले तुमची माफी मागाची हाय."

"आत्ता?"

"हाव."

"अंधारात काऊन आले? आळ तं तुमी उजेडात घेतला होता. सरपंचाच्या घरात, पंचाइसमोर." आतून नवऱ्याने काही विचारलं. तिने त्याला हाताने थांबवलं. "माफी मले नका मागू अशी. मी मले वळखतो. सकाळी टपाल वाटाच्या टायमाले या. याचं असन तं."

ती दार लावून आत गेली.

सकाळी मी गेलो तेव्हा टपालाची मोटार नुकतीच निघून गेली होती. ओट्यावर माणसं जमली होती, निराधार पेन्शनच्या पैशांची वाट पाहणारे म्हातारे, काही पोरं, एसटीत दांडा धरून उभी राहिलेली ती म्हातारी, सरपंचाचा धाकटा भाऊ. पलीकडे मशीन चालू होती. मला पाहून एक जण हळूच काहीतरी म्हणाला आणि दोघे हसले. आपा टेबलामागे बसून शिक्के मारत होती. तिने वर पाहिलं नाही, हातही थांबवला नाही. मशीन मात्र थांबली. तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला.

मी चपला काढल्या आणि ओट्यावर चढलो.

"सगळ्याइनं आयका," मी म्हणालो. "त्या सीड्या माह्या होत्या. कपाशीच्या कव्हरात मी भरल्या, चिकटवल्या मी. कायद्यात बंदी हाय हे मले पहिल्यापासून मालूम होतं. आपाले त्यातलं काहीच मालूम नव्हतं. त्याइनं माह्यावर भरोसा ठेवला. सापडलो तवा मी त्याइचं नाव घेतलं, पंचाइसमोर घेतलं, खामगावले जाऊन पुन्यांदा घेतलं. ते खोटं होतं. ही बाई साफ हाय." मग मी तिच्याकडे वळलो. शिक्का मारणारा हात थांबला होता. "आपा, मी तुमचं नाव खराब केलं. मले माफ करा."